उजव्या कुंपणामागचं झाड

शनिवार, ९ जून १९९०. हॅडली.

ज्युडीने ही वही दिली आणि सोबत अंगठ्याएवढं जाड पेन. म्हणाली, "डॅड, रोज लिहीत जा. डोळ्यांना व्यायाम होतो." पोरीला कोण सांगणार, डोळ्यांना व्यायाम नसतो, मुदत असते. माझी मुदत डॉक्टरने सांगून टाकली आहे. हा उन्हाळा निघेल, पुढचं काही सांगता येत नाही. मला कडेकडेने दिसतं, मधोमध मात्र धुरकट डाग आहे. माणसाच्या कानाकडे बघावं तेव्हा कुठे त्याचं नाक दिसतं. गावाला वाटतं, म्हातारा हार्लन हल्ली उद्धट झालाय. तो आधीपासूनच होता.

सोमवारी निघायचं. गाडी माझी बायको ओपल चालवणार. तिच्या शेजारी बसून प्रवास करायचा म्हणजे तासाला चाळीस मैल आणि प्रत्येक वळणावर गोगलगायीला आधी जाऊ देणं. पण माझा परवाना मार्चमध्येच काढून घेतला, त्यामुळे मला बोलायची सोय नाही.

कशासाठी चाललोय ते लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून सारवासारव करता येणार नाही.

अठ्ठेचाळीस सालापासून अठ्ठावन्नपर्यंत, अकरा उन्हाळे मी हॅडली मिलर्सच्या सामन्यांचं रेडिओवरून वर्णन केलं. आमच्या गावचा बेसबॉल संघ, अगदी खालच्या लीगमधला. निम्मी पोरं घरी नांगर सोडून आलेली आणि उरलेली परत नांगराकडे जाणार. घरच्या मैदानावरचे सामने मी डोळ्यांनी बघून सांगायचो. बाहेरगावचे सामने सांगायचो स्टेशनच्या मागच्या खोलीत बसून, कारण मालक मला मोटारभाडं देण्यापेक्षा स्वतःचा दात उपटून देणारा. त्या गावातला एक माणूस तारेने खेळ कळवायचा. तारयंत्रावर ओपल बसायची. आमची ओळख तिथलीच. ती तारेच्या कागदाची पट्टी फाडून माझ्यापुढे ठेवायची: "पहिला चेंडू. खाली." बस्स. त्या तीन शब्दांचे तीनशे मी करायचो. मोडक्या बॅटचा एक तुकडा दोऱ्याने टांगला होता, त्यावर पेन्सिल हाणली की फटका. गर्दीच्या आवाजाची तबकडी होती, तिच्यात एक माणूस दर चार मिनिटांनी खोकायचा. सगळ्या गावाला ठाऊक होतं मी कुठे बसलोय ते. तरीही दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे लोक विचारायचे, काल तिकडे केली फॉल्स गावात ऊन कसं होतं.

आणि लायल. ओपलचा मोठा भाऊ. बियाण्यांच्या कंपनीचा फिरता विक्रेता होता, चार राज्यांत हसत-खिदळत फिरायचा. पन्नास साली पोलिओ झाला आणि सत्ताविसाव्या वर्षी खाटेला खिळला. सात उन्हाळे त्याने माझे सगळे सामने ऐकले. केली फॉल्सच्या मैदानात उजव्या कुंपणामागे एक एल्मचं झाड आहे, असं मी नेहमी सांगायचो. एकदा तो म्हणाला, "हार्लन, ते झाड खरंच आहे? शपथ घे." मी छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "आहे म्हणजे आहे." तो म्हणाला, "बरा झालो की जाऊन त्याच्या सावलीत बसणार." सत्तावन्नच्या ऑगस्टात तो गेला.

ते झाड मला कुणी सांगितलं होतं, एखाद्या खेळाडूने, की वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिलं होतं, की देवाने ऐन वेळी तोंडात घातलं होतं, आता आठवत नाही. अकरा वर्षं ज्या मैदानांचं वर्णन केलं, त्यातलं एकही मी बघितलेलं नाही. त्यातली चार अजून चालू आहेत. डोळे जायच्या आत जाऊन बघायचं, मरणाऱ्या माणसाशी मी खोटं बोललो की नाही. एवढंच काम आहे. ज्युडीला सांगितलंय की हॉट डॉग खायला चाललोय.

बॅगेत तो बॅटचा तुकडा सापडला, दोऱ्यासकट. ओपलला म्हटलं, हा कशाला? म्हणाली, "असू दे."

सोमवार, ११ जून. केली फॉल्स.

झाड आहे!

मोठ्या अक्षरात लिहिलंय, पान संपलं तरी चालेल. आधी नीट सांगतो.

मैदान लहानसं आहे. लाकडी बाकं, हिरवा रंग, शेंगांच्या टरफलांचा खच. सामना सातला होता, आम्ही सहालाच जाऊन बसलो. पहिल्या बेसच्या बाजूला, पाचव्या रांगेत. मी काही वेळ धीर धरला. खेळाडू सराव करत होते, चेंडू हातमोज्यात बसल्याचा तो चामडी आवाज येत होता, आणि मला वाटलं, आत्ता नको, आणखी पाच मिनिटं हे असंच राहू दे. मग विचारलंच.

"ओपल, उजवीकडे बघ. कुंपणामागे."

ती बराच वेळ बोलली नाही. ती तशीही बोलत नाही. पट्टीवर मावेल एवढंच बोलायचं, ही तिची सवय मोडली नाही कधी. पण आज नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला.

"आहे," ती म्हणाली. "मोठं आहे."

"एल्मच ना?"

"एल्मच." मग, कुणी विचारलं नसताना, "खाली सावलीत कुणीतरी खुर्ची टाकून बसलंय."

मी तिरपा झालो, कुंपणाच्या कडेकडे बघितलं. हिरवं काहीतरी होतंच तिथे. मी रडलो. अडुसष्ट वर्षांचा माणूस सामना सुरू व्हायच्या आधी रडतोय. शेंगावाला थांबून विचारायला लागला, "आजोबा, बरं आहे ना?" म्हटलं, "अरे, ते झाड बघतोय. एल्म."

"एल्म? इथे कुठली आता? रोग पडला ना तेव्हा सगळी गेली. माझ्या बापानेच तोडली कौंटीसाठी. म्हणजे मी तेव्हा..."

"दोन पुड्या द्या," ओपल म्हणाली. "नाही, तीन द्या. सुटे ठेवा तुम्हालाच."

याला रोज शेंगा विकून स्वतःच्या मैदानावरचं झाड माहीत नाही! रोगातून एखादं सुटतंच. शेंगा मात्र ताज्या होत्या.

केली फॉल्स ६, पाहुणे २. लायल, मी खोटं बोललो नव्हतो रे.

मंगळवार, १२ जून. रस्त्यात.

ओपलला कंठ फुटलाय. चाळीस वर्षं तार वाचल्यासारखं बोलणारी बाई आज गाडी चालवता चालवता सांगत होती, मका गुडघ्याएवढा झालाय, एका कोठाराचं छप्पर नवं आहे, लाल, कुंपणावर एक बहिरी ससाणा बसलाय आणि त्याला आपली गाडी आवडलेली नाही. मी म्हटलं, "तब्येत बरी आहे ना तुझी?" म्हणाली, "का? तू एकट्यानेच बोलायचं असं ठरलंय?"

प्रवास माणसाला मानवतो.

गुरुवार, १४ जून. बेल रिव्हर.

सकाळी ओपल एकटीच तिकिटं काढायला गेली. मी मोटेलच्या दारात खुर्ची टाकून बसलो. ती दोन तासांनी आली.

"एवढा वेळ?"

"रांग होती."

नाक चोंदलेलं वाटलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, गवताचे परागकण. तिला जन्मात कधी परागकणांचा त्रास झाला नाही. वय झालं की नवीन नवीन पाहुणे येतात अंगात.

संध्याकाळी मैदानावर माणसं असतील दोनशे. सकाळी रांग लावणारे गेले कुठे, देव जाणे.

बेल रिव्हरची गोष्ट अशी की तिसऱ्या बेसच्या मागे चर्चचा मनोरा, आणि मनोऱ्यावरचं घड्याळ दहा मिनिटं मागे. हे मी इतक्यांदा सांगितलं होतं की हॅडलीत कुणी उशिरा आलं की लोक म्हणायचे, काय हो, बेल रिव्हरच्या वेळेने चालता काय! ओपलला विचारलं. लगेच म्हणाली, "मनोरा आहे. घड्याळ सात वाजून पाच मिनिटं दाखवतंय." मी शेजारच्या बाईला वेळ विचारली. सव्वासात! अजून दहा मिनिटं मागेच! चाळीस वर्षांत एकालाही शिडी लावून काटा पुढे सरकवावासा वाटला नाही. मी इतका हसलो की ठसका लागला. ओपलही हसली, पण जरा उशिरा.

सातव्या डावाच्या मध्यात रिवाजाप्रमाणे सगळे उभे राहून गायले. मीही गायलो. मला सूर नाही, पण मैदानावर कुणालाच नसतो. गाताना ओपलने माझा दंड धरला होता. ती नाही धरत कधी, चारचौघांत.

शुक्रवार, १५ जून.

ज्युडीला फोन. डोळ्याचा डॉक्टर सव्वीसला बोलावतोय, आणि त्यांच्या घराजवळ एक "छान जागा" बघून ठेवलीये, म्हाताऱ्यांसाठी. मी म्हटलं, म्हातारे राहतात तिथे? मग मी काय करू? मग आईला दे म्हणाली. ओपल फोनची वायर ताणून कोपऱ्यात गेली आणि पाठ करून हळू आवाजात बोलली. मी टीव्हीचा आवाज कमी केला तरी एकच वाक्य कानावर पडलं. "नाही, अजून कळलं नाहीये."

काय कळलं नाहीये? बहुधा आरोग्य विम्याचं काहीतरी.

रविवार, १७ जून. डनबार.

आज वडिलांचा दिवस. मैदानावर प्रत्येक बापाला एक हॉट डॉग फुकट. दारावरची पोरगी म्हणाली, "मुलं आहेत ना तुम्हाला, सर?" म्हटलं, "एक आहे. ती मला म्हाताऱ्यांत टाकतेय, दोन हॉट डॉग दे." दिले तिने.

दुपारचा सामना होता, छान ऊन होतं. डनबारचं माझं जुनं वाक्य: मधल्या कुंपणामागे निळं घर, त्या घरातली बाई सामन्याच्या दिवशी हटकून चादरी वाळत घालते, आणि बॅट हातात घेतलेल्या गड्याला पांढऱ्यावर पांढरा चेंडू दिसत नाही. त्यावरून हॅडलीत भांडणं व्हायची. एकाने तर रेडिओवर पत्र पाठवलं होतं, त्या बाईला लीगने दंड करावा म्हणून.

"घर आहे?" मी विचारलं.

"आहे. निळं. रंग द्यायला झालाय."

"आणि चादरी?"

"चार. आता पाचवी घालतेय."

मी म्हटलं, "रविवारी? रविवारी धुणं?"

ओपल थांबली. "बाप्टिस्ट नसतील," म्हणाली.

असेल. रविवारी काम करू नये, असं हल्ली कुणाला काही राहिलेलं नाही. मी हॉट डॉग खात बसलो. पण चौथ्या डावात एक भोंगा झाला. बोटीचा, मालाच्या पडावाला ओढणारी असते ना तिचा. डोळे गेले तरी मी रेडिओचा माणूस आहे. आवाज कुठून आला हे मला कुणी शिकवायला नको. तो अगदी मधोमध, कुंपणाच्या पाठीमागून आला, आणि जवळून आला. इतक्या जवळ नदी असेल तर घर कुठे बसवलंय?

घर लहान असेल. नदी वळत असेल.

हॉट डॉग दुसरा खाल्ला नाही. ओपलला दिला, तिनेही खाल्ला नाही.

सोमवार, १८ जून. रस्त्यात.

आठवलं. निळं घर माझ्या मावशीचं. नेब्रास्कात. चादरी, दोरी, दोरीला टेकू द्यायची ती काठी, सगळं मावशीचं. एका कंटाळवाण्या सामन्यात, एकोणपन्नास साली, मी ते उचलून डनबारला नेऊन ठेवलं होतं.

मग ओपलला काल काय दिसलं?

ती खोटं बोलत नाही. हे मी कौतुकाने लिहीत नाहीये, हा तिचा दोषच आहे. चर्चच्या जेवणात तिला कुणी विचारत नाही केक कसा झालाय, कारण ती सांगते. माझ्याशी लग्न करताना पाद्र्याने विचारलं, तर "हो" म्हणण्याआधी तिने विचार केला. अशी बाई पाच चादरी मोजते?

विचारायला हवं. आज दिवसभरात चारदा तोंड उघडलं. चारही वेळा दुसरंच काहीतरी बोललो. एकदा तर मक्याची चौकशी केली. कारण घर खोटं असेल तर घड्याळाचं काय, आणि घड्याळ खोटं असेल तर... पुढचं लिहीत नाही. लायलच्या झाडाखाली आठवडाभर बसलोय मी, तिथून उठायला मन होत नाही.

ओपल गाडी चालवतेय आणि सांगतेय की डावीकडे एक पांढरा घोडा आहे. मी तिकडे बघितलं नाही.

गुरुवार, २१ जून. मरे क्रीक. न्याहारीच्या टेबलावर.

कालचं लिहायचं आहे. ओळी एकमेकींवर चढत असतील, पण हे मीच लिहिणार.

कालचा सामना दुपारचा. शेवटचं मैदान. बाकं अर्धी रिकामी होती, मागे टोपीवाला एक शेतकरी आणि त्याची बायको, शेजारी लिंबू सरबताचा वास. पहिला डाव मी गप्प बसून काढला. मग म्हणालो, अगदी सहज, "ओपल, डावीकडे ती पाण्याची टाकी अजून आहे का गं? जिच्यावर लाल मासा रंगवलाय?"

मी मरे क्रीकच्या टाकीबद्दल जन्मात कधी बोललो नव्हतो. मासा त्याच क्षणी डोक्यात आला होता.

"आहे," ती म्हणाली. "रंग जरा उडालाय माशाचा."

आधी मला वाटलं होतं, पकडलं की बरं वाटेल. जुगारात जिंकल्यासारखं. तसं काही वाटलं नाही.

"मासा कधीच नव्हता, ओपल. टाकीसुद्धा नव्हती. आत्ता बनवली मी."

पिचरने दोन चेंडू टाकले. दोन्ही मला फक्त ऐकू आले.

"चादरी?"

"नदी आहे तिथे," ती म्हणाली. "भोंगा झाला तेव्हाच मला वाटलं, ऐकलं याने."

"घड्याळ?"

"चर्चच नाही. मोटारी धुवायचं दुकान आहे. सकाळी जाऊन बघून आले, गावातही विचारलं. असेल, निदान होतं तरी, असं कुणीतरी म्हणेल वाटलं. कुणी नाही म्हणालं."

पुढचं विचारायला मला अख्खा अर्धा डाव लागला. ती थांबली होती. तिला ठाऊक होतं काय येणार आहे.

"एल्म?"

"नाही," ओपल म्हणाली. "कधी नव्हतं."

तर झालं. खाटेवर पडलेल्या माणसाने शपथ घालून विचारलं आणि मी छातीवर हात ठेवून त्याला थाप मारली. मी तसं म्हणालो. फार हळू नाही म्हणालो, मागचा शेतकरी बोलायचा थांबला. म्हणालो, "तो त्या झाडाची वाट बघत मेला, आणि ते झाड नव्हतं."

"हार्लन," ती म्हणाली, "लायल केली फॉल्सला जायचा."

"काय?"

"बियाणं विकायला. पोलिओच्या आधी. पाच उन्हाळे गेला. त्या मैदानावर बसून डबा खायचा तो. त्याला पक्कं माहीत होतं तिथे काय आहे. उजव्या कुंपणामागे लाकडाची वखार होती."

मी तिच्या कानाकडे बघत राहिलो. तिचा चेहरा मला दिसायला हवा होता, तो काही केल्या नीट दिसेना.

"मग शपथ कशाला घ्यायला लावली?"

"तू आणखी सांगावंस म्हणून. तुला डिवचलं की तू ते झाड वाढवायचास. शपथ घेतलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी तू त्यात पाखरं बसवलीस. मग एक फांदी कुंपणाच्या आत आणलीस. तो खूश व्हायचा. मला म्हणाला, 'ओपी, हार्लनला सांगू नकोस हं. त्या वखारीपाशी फार ऊन लागायचं. आता बरं आहे.'"

"तेहतीस वर्षं तू..."

"सांगू नकोस म्हणाला होता."

मला राग आला होता, खरंच आला होता. दहा दिवस मला लहान मुलासारखं फिरवलं, ज्युडीलाही त्यात घेतलं, आणि मी वहीत उद्गारचिन्हं टाकतोय. म्हटलं, "आणि त्या सोमवारी, केली फॉल्सला? तेव्हाही लायलने सांगितलं होतं?"

"त्या सोमवारी मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं," ती म्हणाली. "पण बाहेर आलं ते 'आहे'. मग त्याला खुर्ची देऊन बसवलं मी झाडाखाली. तेवढं मला करायचं होतं."

तिचा भाऊ होता तो. मी तिचा हात धरला, आणि आम्ही दोघं बराच वेळ समोर बघत बसलो. म्हणजे ती बघत होती.

मग ती वाकली, पर्स उघडली, आणि तो बॅटचा तुकडा काढला. दोरा बोटाला गुंडाळून तुकडा माझ्यापुढे टांगून धरला. दुसऱ्या हाताने माझ्या शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढून माझ्या मुठीत दिली.

"पहिला चेंडू," ती म्हणाली. "खाली."

तोच आवाज. तेच तीन शब्द, पट्टी फाडून पुढे ठेवल्यासारखे. बत्तीस वर्षं मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पहिलं वाक्य फाटक्या आवाजात निघालं, दुसरं बरं निघालं. मी म्हणालो, मंडळी, मरे क्रीकला तिसरा डाव सुरू झालाय, ऊन पाठीवर घेऊन पिचर उभा आहे, त्याने टोपी मागे सारली, घाम पुसला, आणि हा पहिला चेंडू, गुडघ्याच्या खाली, पंचाने मान हलवली.

"दुसरा. फटका. उजवीकडे."

मी पेन्सिल हाणली. टक्! तुकडा अजून बोलतो. आणि मी चेंडू उंच नेला, खूप उंच, उजवीकडचा गडी मागे मागे जातोय, मागे कुंपण, आणि कुंपणामागे, मंडळी, ते जुनं एल्मचं झाड. केली फॉल्सहून ते मी इथवर आणलं, वाटेत एक पान पडू दिलं नाही. त्याची एक फांदी आत झुकलीये, पाखरं उडाली...

"झेल," ओपल म्हणाली.

झेल! मी सांगितलं. शेजारची बाई सरबत प्यायची थांबली होती. वरच्या रांगांतले दोघं-तिघं खाली सरकून आले, हे मला बाकांच्या करकरीवरून कळलं. माझ्या पाठीमागे शेतकऱ्याने हळूच पुढे वाकून विचारलं,

"आजोबा, सांगता झकास. पण ते झाड कुठे आहे? मला तर दिसत नाही बुवा."

मी पेन्सिल खाली केली. काय सांगावं याला, म्हणून मी शब्द जुळवत होतो. तेवढ्यात ओपलच बोलली. मागे वळलीसुद्धा नाही.

"आहे," ती म्हणाली. "मोठं आहे."